आटपा, पण दमानं

आमच्या गावाचं नाव आटपाडी. परगावच्या माणसाला ते सांगितलं की तो हसून विचारतो, "म्हणजे ते कहाणीतलं आटपाट नगर का हो?" नाही म्हणावं तर त्याचा हिरमोड होतो आणि हो म्हणावं तर आवडती-नावडती राणी कुठून दाखवायची, ही पंचाईत. राजा तेवढा होता. आटपाडी औंध संस्थानात होती आणि त्या राजाशी या लेखाचं थोडं काम आहे, पण ते पुढे. मला कोडं पडतं ते नावातल्या पहिल्या तीन अक्षरांचं. 'आटपा' अशी सरळ आज्ञा कपाळावर घेऊन बसलेल्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या कशाचीच घाई केली नाही. माणदेशात पाऊस आपल्या सवडीनं येतो, कधी येतच नाही. त्याची वाट बघण्यात ज्यांच्या आज्या-पणज्यांचे जन्म गेले, त्यांना दोन मिनिटं थांबायला कुणी शिकवावं लागू नये.

पण गेल्या काही वर्षांत आमच्या गल्लीनं नावातली आज्ञा एकदम मनावर घेतली.

गल्ली केवढी? समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या तर एकीनं मागं सरायचं, एवढी. वळणावरच्या घराच्या कोपऱ्याला गुडघाभर उंचीचा एक काळा दगड पुरलेला होता. गाडीची आक भिंतीला घासू नये म्हणून कुणा शहाण्या पूर्वजानं तो बसवला होता. लहानपणी आम्ही त्यावर पाळीपाळीनं बसायचो. गल्लीत उन्हाळ्यात कुरडया-शेवयांची वाळवणं, बाजेवर एक आजोबा, बाजेखाली एक शेळी, मधोमध कुत्रं आणि उरलेल्या जागेत आमचा विटीदांडू. सायकलवाल्याला गल्ली पार करायला चार वेळा उतरावं लागे, आणि उतरला की चार घरी बोलावं लागे. पोस्टमन तर अर्धा तास अडकायचा. याला कुणी वाहतूक-नियोजन म्हणत नव्हतं.

मग रस्ता काँक्रीटचा झाला. चिखल गेला, ही गोष्ट चांगलीच झाली. चिखलाच्या आठवणीनं गहिवरणाऱ्या लेखकांना एक पावसाळा त्यात काढायला लावावा, असं माझं मत आहे. पण काँक्रीट करताना तो काळा दगड मध्ये येतो म्हणून उपटला. बाज आत गेली, शेळी परड्यात गेली, आजोबा तर त्याआधीच गेले होते. गल्ली अशी गुळगुळीत आणि मोकळी झाली की तिला बघून कुणाचाही पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जावा.

त्यात कुणीतरी शोध लावला की शनिवारी बाजाराची गर्दी चुकवायची असेल तर आमच्या गल्लीतून गाडी काढली की थेट पलीकडच्या रस्त्याला लागता येतं. शोध एकाचा, फायदा साऱ्या तालुक्याचा. मागोमाग फोनमधल्या नकाशातल्या बाईलाही तो कळला. ती बाई फार गोड बोलते. "पुढे डावीकडे वळा," म्हणते, आणि चारचाकी समोरच्या ओळीतल्या आक्कांच्या तुळशीजवळ येऊन थांबते. एकदा आक्का खिडकीतून म्हणाल्या, "तिला म्हणावं, आता चहा घेऊनच जा."

डाळिंबाच्या सौद्याला जाणारे पिकअप येऊ लागले. क्रेट रचलेले, दोरी आवळलेली, ड्रायव्हरचं एक कोपर खिडकीबाहेर. हंगामात उसाचे ट्रॅक्टर येऊ लागले, मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि आवाज असा की घरातली भांडी मांडणीवर आपापसांत बोलू लागावीत. दिवाळीत आणि जत्रेत तर गल्लीत अख्खा भारत अवतरतो. आमच्या भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पसरली आहेत. ती गावी येतात तेव्हा केरळ, तमिळनाडू, पंजाब, बंगाल अशा पाट्यांच्या गाड्या एकामागोमाग लागतात. राष्ट्रीय एकात्मतेबद्दल माझी तक्रार नाही. पण ती ताशी साठच्या वेगानं दारावरून गेली की म्हातारं माणूस ओट्यावर बसायला भितं.

शेवटी एके दिवशी एक बुलेट फटाके फोडत गेली आणि तात्यांचं कुत्रं थोडक्यात वाचलं. तात्या म्हणजे आमच्या समोरच्या घरचे, वय पंचाहत्तर, नोकरीतून निवृत्त, रागातून नाही. ते पेपर खाली ठेवून ओरडले, "आरं ए, दमानं! घर काय पळून चाललंय का तुझं?" बुलेटवाल्याला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. त्या रात्री तात्यांनी त्यांच्या स्लॅबच्या कामातून उरलेलं सिमेंट काढलं, पाटीभर खडी आणली आणि सकाळी बघतो तर रस्त्यावर एक आडवं टेंगूळ उभं.

सरकारी भाषेत याला गतिरोधक म्हणतात. आम्ही ब्रेकर म्हणतो, आणि त्यावरून गेल्यावर काय काय 'ब्रेक' होतं ते बघता आमचा शब्द जास्त अचूक आहे. या वस्तूची नीट मापं ठरलेली आहेत, हे मला तेव्हा कळलं. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनं १९८८ साली यावर एक पुस्तिकाच काढली. तिच्यात म्हटलं आहे की उंचवटा गोलसर असावा, रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटरनं जाणारी गाडी त्यावरून विनातक्रार जाईल. आपल्या मापात सांगायचं तर बारा फूट रुंद आणि चार इंच उंच. शिवाय त्यावर काळे-पांढरे पट्टे आणि चाळीस मीटर आधी सूचना देणारा फलक. तात्यांच्या ब्रेकरची रुंदी एक वीत होती आणि उंची त्यांच्या त्या दिवशीच्या रागाएवढी. फलकाचं काम तात्या स्वतः करत, तोंडानं.

मापाचा हा प्रकार लहान नाही, थोरामोठ्यांनी त्यात डोकं घातलं आहे. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रमुख होते आर्थर कॉम्प्टन. १९२७ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालेलं. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळला की त्याची ऊर्जा घटते, हे त्यांनी दाखवून दिलं होतं. विद्यापीठाच्या आवारात गाड्या सुसाट जातात हे बघून १९५३ मध्ये त्यांनी रस्त्यावर घालायच्या उंचवट्यांचा आराखडा स्वतः केला. म्हणजे गृहस्थांचा विषय जन्मभर एकच राहिला, आदळल्यावर पुढं काय होतं. मी हे तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग त्याचंबी सिमेंट उरलं असंल."

तात्यांचं बघून चार घरं सोडून एक ब्रेकर झाला. मग पलीकडच्यांनी त्याहून दोन बोटं उंच केला. माझ्या दारात नाही आणि तुझ्या दारात का, या न्यायानं सहा महिन्यांत गल्लीत सात ब्रेकर झाले. एकानं जुना पट्टा ठोकला, एकानं दोरखंड गाडला, एकानं तर गटाराच्या पाइपचा अर्धा तुकडा पालथा घातला. दारात ब्रेकर असणं हे दारात ट्रॅक्टर असण्यासारखं प्रतिष्ठेचं होऊन बसलं. सोयरीक जमवताना सांगत असतील, शेती अमुक एकर, ब्रेकर दोन.

वेग कमी झाला का? दोन ब्रेकरच्या मध्ये वाढला. प्रत्येक बुलेट टेंगळापाशी दबायची आणि पुढं वचपा काढायची. आधी एक आवाज होता, आता दोन झाले, एक दाबल्याचा आणि एक उसळल्याचा. डाळिंबाचे क्रेट उडू लागले. डाळिंब वरून लाल राहतं आणि आत दाणा फुटतो, माणदेशी माणसासारखं. शेवटी पहाटे कळा सुरू झालेल्या एका सुनेला रिक्षातून नेताना सातही ब्रेकर भोगावे लागले. पोरगी बाळंत झाली, सुखरूप. पण तिच्या सासूनं परत आल्यावर गल्लीच्या तोंडाशी उभं राहून जे काही ऐकवलं, ते छापता येण्याजोगं नाही. त्या संध्याकाळी तात्यांनी स्वतःच्या हातानं घण घालून आपला ब्रेकर फोडला.

आता खरा ब्रेकर कसा असतो ते सांगतो. शनिवारी सकाळी बाजाराच्या वाटेवर उभे राहा. धनगराची मेंढरं येतात. पुढं एक म्हातारं मेंढरू, मागं शंभर पाठी, धूळ, घंटा आणि सगळ्यात मागं खांद्यावर घोंगडं टाकलेला धनगर, ज्याला जगात कुठंच वेळेवर पोचायचं नाही. या कळपासमोर पिकअप थांबतो, एसटी थांबते, लाल दिव्याची गाडीसुद्धा थांबायची. हॉर्न वाजवला तर मेंढरं बिथरून गाडीच्या आणखी जवळ येतात, म्हणून कुणी वाजवत नाही. शिवाय किमतीचाही धाक आहे. २०२० साली आमच्या आटपाडीच्या बाजारात माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला ७० लाख रुपये देऊ केले, मालकानं दिला नाही, ही बातमी देशभर छापून आली. तेव्हापासून चांगल्या चांगल्या गाडीवाल्यांना समोरून येणारं जनावर आपल्या गाडीपेक्षा महाग तर नाही ना, असा संशय येतो आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो.

नेदरलँड्समध्ये हान्स मॉन्डरमन नावाचा एक वाहतूक अभियंता होऊन गेला. त्याचं म्हणणं असं की रस्त्यावरच्या पाट्या, पट्टे, सिग्नल काढून टाका. मग गाडीवाल्याला माणसाच्या डोळ्यांकडे बघावं लागतं आणि डोळ्यांकडे बघायचं तर वेग उतरवावा लागतो. द्राख्टेन गावातला चौक त्यानं तसा केला आणि भेटायला आलेल्या पत्रकारांसमोर तो पाठमोरा चालत सरळ रहदारीत शिरायचा. गाड्या थांबायच्या. मोठं धाडस, यात शंका नाही. पण आमच्याकडे शेळी हे रोज करते, आणि पत्रकार बोलावत नाही.

मात्र मी मॉन्डरमनची शेळी होणार नाही आणि तुम्हीही होऊ नका. त्याची युक्ती चालते ती गाडी मुळातच हळू असेल तर. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे शाळेत शिकवलेलं गणित रस्त्यावरही लागू आहे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि केंद्र सरकारच्याच अहवालानुसार त्यातल्या शंभरातली सत्तरहून जास्त अतिवेगापायी. म्हणूनच जिथं माणसं आणि गाड्या एकाच जागेत वावरतात तिथं ताशी ३० च्या वर जाऊ नये, असं २०२० मध्ये स्टॉकहोमला जमलेल्या देशांनी जाहीरनाम्यात लिहून ठेवलं. आमच्या गल्लीत तीससुद्धा फार होतात. तात्यांचं कुत्रं उठून बाजूला व्हायला जेवढा वेळ घेतं, त्या हिशेबानं दहा पुरे.

त्याच डच लोकांनी आणखी एक गोष्ट केली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डेल्फ्ट गावातल्या रहिवाशांना आपल्या गल्लीतल्या गाड्यांचा वीट आला. त्यांनी रस्ता वाकडा-तिकडा केला, मध्ये झाडं लावली, बाकं टाकली, पोरांना खेळायला सोडलं. गाडीला बंदी नाही, पण तिनं पाहुण्यासारखं यायचं. १९७६ मध्ये त्यांच्या सरकारनं तसा कायदाच केला. या प्रकाराला ते 'वोनेर्फ' म्हणतात. या शब्दाची फोड मी शोधली तेव्हा पोटात कालवलं. 'वोनन' म्हणजे राहणं आणि 'एर्फ' म्हणजे अंगण. राहायचं अंगण! एवढ्या साध्या गोष्टीसाठी त्यांना कायदा करावा लागला आणि आम्ही ती एका काळ्या दगडाबरोबर उपटून फेकली.

आणि एक आकडा मला झोपू देत नाही. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड नावाच्या अभ्यासकानं सॅन फ्रान्सिस्कोत एकसारख्या तीन रस्त्यांवरच्या लोकांना विचारलं, तुमच्या गल्लीत तुमचे मित्र किती? कमी रहदारीच्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र निघाले, भरपूर रहदारीच्या रस्त्यावर ०.९. आता ०.९ मित्र म्हणजे कसा, यावर मी खूप विचार केला. बहुतेक जो चहाला येतो, गप्पा मारतो, पण उसने नेलेले पैसे आणत नाही, तो. गंमत बाजूला ठेवू. मी आमच्या गल्लीत मोजून पाहिलं. बोटं मोडताना लक्षात आलं की समोरासमोरच्या घरांची येजा कमी झाली आहे. आक्का पूर्वी वाटी घेऊन रस्ता ओलांडून यायच्या, आता फोन करतात. रस्ता मध्ये आला. या अ‍ॅपलयार्डांचं पुस्तक १९८१ मध्ये निघालं आणि पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये एका भरधाव मोटारीनं त्यांचा जीव घेतला.

आता राजाकडे येतो. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. कैद्यांची वसाहत, पण भिंत नाही, गज नाहीत. खुनाची शिक्षा झालेली माणसं तिथं बायकामुलांसह राहिली, शेती केली. मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याचा त्या कल्पनेमागे मोठा हात होता. त्यावरूनच 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा चित्रपट १९५७ मध्ये आला आणि तो लिहिला गदिमांनी, जे याच तालुक्यातल्या शेटफळ्याचे. लहानपणी मला प्रश्न पडायचा, ती माणसं पळून का जात नाहीत? आता मला दुसरा पडतो. ज्या मुलखात जन्मठेपेचा कैदी नुसत्या शब्दावर थांबला, तिथं दोनचाकीवरचं पोरगं सात ब्रेकर घातले तरी का थांबत नाही? उत्तर मला वाटतं असं आहे की कैद्याला तिथं घर होतं. आमच्या गल्लीतून जाणाऱ्याचं गल्लीत काहीच नसतं, त्याला फक्त पलीकडं जायचं असतं. ज्याचं घर गल्लीत आहे तो पोरगासुद्धा इथं हळू चालवतो आणि शेजारच्या गल्लीत जाऊन उडवतो. शेजारच्या गल्लीतले आमच्याकडे येतात. फिट्टंफाट.

याचा पुरावा गेल्या उन्हाळ्यात मिळाला, तोही फुकट. नळाच्या पाइपसाठी गल्लीचं पलीकडचं तोंड आडवं खणलं आणि काम तसंच राहिलं. महिना-दीड महिना गल्ली एका बाजूनं बंद. घरच्या गाड्या अलीकडून येत-जात, पण आरपार कुणाला जाता येईना. पहिले दोन दिवस सगळ्यांनी शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी पोरांनी स्टंप मांडले. आठवड्यानं कुणाची तरी बाज बाहेर आली. आक्कांनी पापड घातले, रस्त्याच्या मधोमध, राखणीला तात्यांना बसवून. रात्री दिवे गेले की सगळे काँक्रीटवर सतरंज्या टाकून बसत. दिवसभर तापलेला रस्ता खालून शेकायचा. समोरच्या एका घरातली नवी सून मराठी बोलते हे आम्हाला तेव्हा कळलं. ती दोन वर्षं इथंच होती.

खड्डा बुजायची वेळ आली तेव्हा तात्या आणि मी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. विनंती अशी की खड्डा बुजवावा, पण त्या जागी दोन-तीन मोठे दगड नाहीतर झाडाच्या कुंड्या ठेवाव्यात. माणूस, सायकल, दोनचाकी हळूच निघेल, चारचाकी निघणार नाही. आग लागली, दवाखान्याची गाडी आली तर अलीकडची बाजू मोकळी आहेच. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढून म्हणाले, "रस्ता करा म्हणून अर्ज येतात, खड्डा बुजवा म्हणून येतात. रस्ता अडवा म्हणून आलेला हा पहिलाच. हा कुठल्या फायलीला लावू?" प्रश्न रास्त होता. माथेरानसारखं अख्खं गाव मोटारीशिवाय चालतं, गाड्या दस्तुरी नाक्यावर ठेवून लोक पायी वर जातात, हे मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तिथं धुकं असतंय." याला काय उत्तर देणार?

खड्डा बुजला. पिकअप परत आले. फोनमधली बाईही आली.

पण सगळंच काही पहिल्यासारखं झालं नाही. तो काळा दगड तात्यांनी हुडकून काढला. उकिरड्याजवळ पडला होता, चार पोरांनी लोटत आणला. पुन्हा त्याच वळणावर, पण या खेपेला भिंतीपासून हातभर रस्त्यात बसवला आणि त्याला चुन्याचे पट्टे ओढले. वळणावर आता प्रत्येकाला चाल आवरावीच लागते. पलीकडे आक्कांनी पत्र्याच्या डब्यात लावलेली तगर ठेवली. संध्याकाळी पाच ते सात तात्या खुर्ची टाकून दगडाशेजारी बसतात, मी कधी कधी शेजारी. सुसाट येणारा गाडीवाला खुर्ची बघून कचकन दाबतो, तात्या त्याला विचारतात, "कुणाचा रं तू?" गावात या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. उत्तर देता देता ओळख निघते, चुलत्याची चौकशी होते, आणि दुसऱ्या दिवशी तेच पोरगं गाडी हळू करून "तात्या, बरं हाय का?" म्हणून जातं. आतापर्यंत नऊ पोरं अशी झाली. मी मोजतो आहे. बुलेटवाला अजून राहिला आहे, त्याचा चुलता पुण्याला असतो.

तुम्ही आटपाडीला येणार असाल तर शनिवार सोडून या. आमच्याकडे यायचं तर बसस्टँडवरून कुणालाही काळ्या दगडाची गल्ली विचारा, फोनमधल्या बाईला विचारू नका. गाडी अलीकडेच लावा. आणि वळणाच्या पुढं रस्त्यात मधोमध कुत्रं झोपलेलं असेल, त्याला उठवू नका, बाजूनं या.